गावापासून लंडनपर्यंत: विमानाचं अंतर अन् प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

आपल्या इकडचे पोट्टे-पोट्ट्या आता शिकायला बाहेर जाऊन राहिले. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून, कोणी केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून, कोणी ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन, तर कोणी बँकेचं कर्ज काढून. इंग्लंडची बहुतेक कॉलेजं सप्टेंबरात सुरू होतात म्हणून पोळ्याच्या आगेमागे गावागावातून निघायची गडबड सुरू होते, अन् यातले कित्येक घरं असे असतात की त्या घरातलं आजवर कोणीच विमानात बसलेलं नसतं. मंग प्रश्न तेच येतात, की लंडन किती दूर आहे, किती तास लागतील, तिकिटावर सकाळी निघून संध्याकाळी पोचतो असं लिहिलंय तर पाचच तासात कसं काय पोचतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो. उदाहरण नागपूर ते लंडनचं घेतलंय, पण हिशोब टोरांटोला जा का मेलबर्नला जा, असाच करायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नकाशावरचं अंतर वेगळं, विमान हवेत राहते तो वेळ वेगळा, अन् तुमच्या घराच्या दारातून निघून तिकडच्या खोलीत बॅग ठेवेपर्यंतचा वेळ आणखी वेगळा. हे तीन आकडे आहेत अन् तिसरा आकडा कोणतीच वेबसाइट सांगत नाही, तो आपल्यालाच काढावा लागतो.

पायरी १ – कुठून कुठं जायचंय ते नक्की करा, शहर नाही, विमानतळ

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. नागपूर एनएजी, मुंबई बीओएम, दिल्ली डीईएल, लंडनचं हीथ्रो एलएचआर. तिकिटावर शहराच्या नावापेक्षा हा कोड वाचा, कारण लंडनच्या नावावर सहा विमानतळ आहेत, हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी अन् साउथएंड, अन् एकाहून दुसऱ्याकडं जायचं म्हणजे कधी कधी दोन-अडीच तास जातात. मुंबईचंही आता तसंच झालं, नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, त्याचा कोड एनएमआय. म्हणजे नागपूरहून नवी मुंबईला उतरणारं तिकीट अन् पुढचं लंडनचं विमान सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, असं जर कोणी जोडून दिलं तर मधात अख्खी मुंबई पार करायची आहे हे लक्षात घ्या. तिकीट एजंटकडून काढत असाल तर त्याला हे तीन अक्षरं स्पष्ट विचारा अन् टर्मिनलही विचारा. मुंबईत टी-वन अन् टी-टू वेगवेगळ्या जागी आहेत, आंतरराष्ट्रीय विमानं टी-टूवरून जातात, दिल्लीत टी-थ्रीवरून.

पायरी २ – अंतर काढा

जवळच्या दोन गावांचं अंतर तुम्ही स्वतः वहीवर काढू शकता अन् मला वाटते प्रत्येकानं एकदा काढून बघावं, त्यानं आकड्याची भीती जाते. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर अन् ७९.०५ अंश पूर्व, मुंबई १९.०९ उत्तर अन् ७२.८७ पूर्व. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तर २ अंशाचे झाले २२२. पूर्व-पश्चिम अंश मात्र विषुववृत्तापासून वर जाल तसा लहान होत जातो, आपल्या या पट्ट्यात तो १०४ किलोमीटरच्या आसपास भरतो, तर ६.१८ अंशाचे झाले ६४३ च्या जवळपास. आता दहावीतलं पायथागोरस लावा, दोन्हीचे वर्ग करून बेरीज अन् वर्गमूळ, उत्तर येते ६८० किलोमीटर. खरं हवाई अंतर ६८३ च्या आसपासच आहे. समृद्धी महामार्ग नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे तो रस्ता किती सरळ काढलाय तेही यातून कळते.

लांबच्या अंतराला हा हिशोब चालत नाही कारण पृथ्वी गोल आहे. तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेतला पृथ्वीगोल घ्या, एक दोरा नागपूरवर धरा अन् दुसरं टोक लंडनवर ताणून धरा. दोरा अरबस्तानावरून न जाता अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड असा वरून जाईल. हाच सगळ्यात जवळचा मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग वाकडा दिसतो, म्हणून लोकांना वाटते विमान उगाच वरून फिरून जाते, पण तसं नाही, नकाशा सपाट केल्यामुळं सरळ रेष वाकडी दिसते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को तर दोरा पार उत्तर ध्रुवाकडं जातो, ते अंतर सुमारे १२,३७० किलोमीटर.

नेमका आकडा हवा असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, मोबाइलवर दोन कोड टाकले की अंतर समोर येते. फक्त एकक बघा. नागपूर ते हीथ्रो सरळ अंतर सुमारे ७,४७० किलोमीटर, तेच मैलात ४,६४० अन् सागरी मैलात ४,०३५ दिसते. वैमानिक लोक सागरी मैल वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तीन साइटवर तीन आकडे दिसले तर कोणीच खोटं बोलत नसते.

पण नागपूरहून लंडनला सरळ विमान नाही, मधात कुठंतरी बदलावंच लागते, तर अंतर तुकड्या-तुकड्यानं जोडा. दिल्लीमार्गे: नागपूर-दिल्ली ८५५ अन् दिल्ली-लंडन ६,७३०, मिळून ७,५८५. मुंबईमार्गे: ६८३ अन् ७,२१०, मिळून ७,८९५ च्या घरात. दोहामार्गे: नागपूर-दोहा २,८४० अन् दोहा-लंडन ५,२४०, मिळून ८,०८०. तिन्हीत जास्तीत जास्त फरक पाचशे किलोमीटरचा, म्हणजे हवेतला अर्धा-पाऊण तास. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अंतर बघून मार्ग निवडू नका, मधातला थांबा अन् सामानाची सोय बघून निवडा.

पायरी ३ – अंतरावरून हवेतला वेळ

मोठं जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून ताशी ८५० ते ९०० किलोमीटरनं जाते. सोपा नियम असा धरा, अंतर भागिले ८५०, अन् त्यात चाळीस मिनिटं मिळवा. ही चाळीस मिनिटं धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, वर चढणं, उतरताना घिरट्या मारणं याची. नागपूर-मुंबई ६८३ भागिले ८५० म्हणजे ४८ मिनिटं, अधिक चाळीस, दीड तास. तिकिटावरही तेवढाच दिसेल. दिल्ली एक तास चाळीस मिनिटं.

हा नियम जेटचा आहे हे विसरू नका. अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, तिथून मुंबईला अलायन्स एअरचं जे विमान जाते ते एटीआर, पंख्याचं, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. अमरावती-मुंबई अंतर फक्त ५४० किलोमीटर, नागपूरपेक्षा दीडशेनं कमी, अन् वेळ लागतो पावणेदोन तासाच्या आसपास, नागपूरपेक्षा जास्त. अंतर कमी म्हणून वेळ कमी असं डोळे झाकून धरू नका ते यासाठी.

आता लंडन. दिल्ली-लंडन नियमानं येते साडेआठ तासाच्या थोडं वर, पण प्रत्यक्षात जाताना नऊ तासाच्या पुढंच लागतात अन् येताना कमी. काहून? तर त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात तो आणखी जोर धरतो. लंडनला जाताना तो तोंडावर येतो अन् परत येताना पाठीवर. म्हणून पश्चिमेकडं जाणाऱ्या लांबच्या विमानाला नियमापेक्षा अर्धा ते एक तास जास्त धरा.

दुसरं कारण आकाशातल्या बंदीचं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली अन् ती मुदत महिन्यामहिन्यानं वाढवत नेली, त्यामुळं दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना गुजरात-अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती, म्हणून एकाच दिवशी दिल्ली-लंडन दोन कंपन्यांचा वेळ वेगळा दिसू शकतो. आखाताचा मार्गही कायम मोकळाच राहील असं नाही, २३ जून २०२५ ला कतारनं काही तास आपलं आकाश बंद केलं होतं तेव्हा कितीतरी विमानं मधातूनच वळवावी लागली. निघायच्या आठवड्यात बातम्या बघत जा, तिकिटावरचा वेळ बदलला असेल तर कंपनी एसएमएस-मेल टाकते, पण तो तिकीट काढताना जो नंबर दिला त्यावर जाते, अन् तो नंबर एजंटचा असेल तर तुम्हाला कळणारच नाही. नंबर स्वतःचा द्या.

पायरी ४ – तिकिटावरची वेळ वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो म्हणून जरा सावकाश वाचा. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते अन् पोचायची वेळ पोचायच्या गावची. दोघांची वजाबाकी सरळ करायची नाही. आधी दोन्ही एकाच घड्याळात आणायच्या.

आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं. इंग्लंड हिवाळ्यात ग्रीनिचच्याच वेळेवर चालते, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढं करतात अन् ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं आणतात. म्हणून आपल्यात अन् त्यांच्यात उन्हाळ्यात साडेचार तासाचा फरक अन् हिवाळ्यात साडेपाचचा. सप्टेंबरात जाणाऱ्यांनी साडेचार धरायचा.

समजा मुंबईहून सकाळी ११.३० ला विमान आहे अन् हीथ्रोला १६.४५ ला पोचते. आपले ११.३० म्हणजे लंडनचे सकाळचे ७.००. सात ते पावणेपाच, पावणेदहा तास. झाला प्रवास. सव्वापाच तास नाही.

परतीचं उलट होते. जानेवारीत रात्री २१.०० ला लंडनहून निघालं, तेव्हा आपल्याकडं रात्रीचे अडीच वाजलेले, नऊ तास उडालं तर मुंबईत सकाळी साडेअकराला उतरते, अन् तारीख पुढची असते, म्हणून तिकिटावर वेळेशेजारी बारीक +१ लिहिलेला असतो. तो +१ बघितला नाही तर घ्यायला येणारे एक दिवस आधी येऊन बसतात.

अन् हे फार महत्त्वाचं, रात्री बारानंतरची विमानं. तिकिटावर १२ सप्टेंबर ००.४० असेल तर त्याचा अर्थ ११ तारखेची रात्र. ११ ला संध्याकाळी तुम्ही विमानतळावर असायला पाहिजे. १२ ला रात्री गेलात तर विमान एक दिवस आधीच निघून गेलेलं असते, अन् ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. घरच्या कॅलेंडरवर त्या ११ तारखेच्या चौकोनात मोठ्या अक्षरात "आज रात्री" असं लिहून ठेवा.

पायरी ५ – मधातला थांबा अन् एकच पीएनआर

नागपूर-मुंबई वेगळं तिकीट अन् मुंबई-लंडन वेगळं काढलं तर कधी कधी चार-पाच हजार वाचतात. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यानं ते करू नये असं मी कळकळीनं सांगतो. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, पूर्ण तिकीट असेल तर पहिलं विमान उशिरा झालं अन् पुढचं हुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देणं त्यांच्याकडं असते. वेगवेगळ्या तिकिटात दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. सामानाचंही तेच, देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच मोफत नेता येते अन् लंडनच्या तिकिटावर २३ किलो किंवा त्याहून जास्त, तर पापड, लोणचं, कपडे, प्रेशर कुकर असं सगळं भरून तुम्ही नागपुरातच जास्तीचे पैसे मोजता.

एकाच पीएनआरवर नागपुरात बॅग देतानाच "लंडनपर्यंत टॅग करा" असं सांगा अन् टॅगवर एलएचआर छापलंय का ते तिथंच उभं राहून बघा. दिल्ली किंवा मुंबईमार्गे गेलात तर इमिग्रेशनचा, म्हणजे देश सोडतानाच्या पासपोर्ट तपासणीचा, शिक्का तिथं लागतो, दोहामार्गे गेलात तर नागपुरातच. नागपूरहून आखाताकडच्या सेवा सुरू-बंद होत राहतात म्हणून त्या महिन्यातलं वेळापत्रक तपासूनच ठरवा.

थांबा किती असावा? मुंबई-दिल्लीत तीन ते पाच तास. दीड-दोन तासाचा थांबा तिकिटाची साइट दाखवते, नियमात बसतोही, पण टर्मिनल बदलायचं, इमिग्रेशनची रांग, सुरक्षा तपासणी, यात नवखा माणूस घाबरून जातो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असते, सकाळची विमानं तासन्‌तास अडकतात, तेव्हा जाणाऱ्यांनी थांबा आणखी मोठा ठेवा किंवा मुंबईमार्गे जा.

पायरी ६ – घरापासून उलटं मोजा

आता तो तिसरा आकडा. पांढरकवड्याकडच्या एखाद्या गावातून निघायचंय असं धरू. वरचंच मुंबईचं ११.३० चं विमान, अन् त्याला जोडून नागपूरहून पहाटे ५.३० ला निघून ७ ला मुंबईत उतरणारं. शेवटाकडून मागं यायचं.

५.३० च्या विमानाला अडीच तास आधी, म्हणजे पहाटे ३ वाजता, नागपूर विमानतळाच्या दारावर पाहिजे. पांढरकवडा ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत तीन तास, अन् विमानतळ सोनेगावला वर्धा रोडवरच आहे, म्हणजे आपल्या बाजूनं येताना शहरात शिरायच्या आधीच लागते. तीन तासाला एक तास जास्तीचा धरा, टायर, पाऊस, ट्रकची रांग. म्हणजे आदल्या रात्री ११ ला गाडी हलली पाहिजे. लंडनला उतरतो १६.४५, म्हणजे आपले रात्रीचे सव्वानऊ. पासपोर्टची रांग अन् बॅगा यात दोन तास. आपल्या घड्याळानं रात्री सव्वाअकराला तुम्ही हीथ्रोच्या बाहेर. एकूण सव्वाचोवीस तास, अन् त्यात हवेत किती, तर दीड अधिक पावणेदहा, सव्वाअकरा तास. अर्ध्याहून जास्त वेळ जमिनीवरच गेला. अन् तुमचं कॉलेज लीड्स नाहीतर मँचेस्टरला असेल तर पुढं आणखी चार-पाच तास बस किंवा रेल्वे, ते तिकीटही उतरायच्या वेळेनंतर किमान तीन तासाचं काढा.

सप्टेंबरात आपल्या इकडं पाऊस असतो, गावच्या नाल्यावरून पाणी गेलं की तीन-चार तास रस्ता बंद. म्हणून माझा सल्ला हाच की आदल्या दिवशी दुपारीच निघा अन् नागपुरात मामा-मावशीकडं नाहीतर लॉजवर मुक्काम करा. एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन आहे पण पहाटेच्या विमानाला मेट्रो कामाची नाही, ऑटो किंवा कॅब आधी सांगून ठेवा. वाशिम, बुलडाण्याकडच्या लोकांनी दोन्हीकडचा हिशोब करून बघावा, समृद्धीनं सरळ मुंबई गाठणं कधी कधी सोपं पडते, सामानही तोलावं लागत नाही.

सोबत आलेल्या लोकांना आत सोडत नाहीत, दारावरचे सीआयएसएफचे जवान तिकीट अन् ओळखपत्र बघूनच आत घेतात. आजी, काका, मित्र असे गाडीभर लोक येतात, येऊ द्या, पण भेटीगाठी, फोटो हे सगळं धरून तेवढा वेळ आधी पोचा. चेक-इन काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होते अन् मंग कोणाची ओळख चालत नाही.

शिष्यवृत्तीवाल्यांनी तिकीट काढायच्या आधी आपल्या मंजुरी आदेशात विमानभाड्याबद्दल काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा, तिकिटाची पावती अन् सगळे बोर्डिंग पास जपून ठेवा, फोटोही काढून ठेवा, भाडं मागताना ते लागतात.

पायरी ७ – घरच्यांसाठी

ज्यांचं लेकरू विमानात आहे त्यांचा वेळ सगळ्यात अवघड जातो, म्हणून निघायच्या आधी त्यांना दोन गोष्टी शिकवून जा. एक, फ्लाइटरडार ट्वेंटीफोर हे ॲप. त्यात विमानाचा नंबर टाकला की नकाशावर ते कुठं आहे, किती उंचीवर आहे, कधी उतरणार ते दिसते. समुद्रावर, वाळवंटावर गेलं की ते चिन्ह कधी कधी काही वेळ दिसेनासं होते, तिथं जमिनीवरचे रिसीव्हर कमी असतात म्हणून, घाबरायचं कारण नाही हे आधीच सांगून ठेवा. आपल्या आकाशातून तर रात्रंदिवस विमानं जातात, नागपूर देशाच्या मधोमध पडते ना. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरातच उतरून टपालाच्या थैल्या अदलाबदल करत. घरच्यांना ॲप शिकवायचं तर अंगणात उभं राहून डोक्यावरून जाणारं एखादं विमान त्यात शोधून दाखवा, पाच मिनिटात जमते.

दुसरं, फोन कधी येईल ते वेळ घालून सांगा, अन् ती वेळ आपल्या घड्याळातली सांगा. वरच्या उदाहरणात विमान सव्वानऊला उतरते, पण फोन सव्वाअकरा-साडेअकराच्या आधी अपेक्षित ठेवू नका, कारण रांगेत मोबाइल वापरू देत नाहीत अन् वायफाय जोडायलाही वेळ लागतो. पुढं रोजच्या फोनसाठी मायला एवढं लक्षात ठेवायला सांगा, तिकडं संध्याकाळचे पाच म्हणजे आपले साडेनऊ, अन् ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेदहा.